नानकटाईच्या आचेवर 45 माणसांची न्याहारी

प्रश्न : मावशी, येत्या मे महिन्यात भाच्याचं लग्न आमच्या घरी, देवगडला आहे. तो अमेरिकेत असतो, मुलगी तिथलीच. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरात 45 माणसं असतील. मुलीच्या माहेरी सणाच्या सकाळी ‘ब्रेकफास्ट कॅसरोल’ नावाचा प्रकार करतात. रात्री ट्रेमध्ये ब्रेडचे तुकडे, परतलेलं सॉसेज आणि चीज पसरायचं, वर अंडी-दूध फेटून ओतायचं, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सकाळी ओव्हनमध्ये सरकवायचं. खाताना वरून गोड मेपल सिरप. भाच्याला वाटतं, सासरच्या मंडळींना इथे हे मिळालं तर गंमत वाटेल. आमच्याकडे ओव्हन नाही. फ्रिज एकच, तोही दूध आणि हारांनी भरलेला असणार. निम्मी माणसं अंडं खात नाहीत. त्यात मोठ्या जाऊबाई म्हणतात, गोड आणि तिखट एका घासात कोण खातं? काय करू?
— नवरदेवाची आत्या, देवगड

उत्तर : आत्याबाई, आधी जाऊबाईंचं बघू. त्या राजी झाल्याशिवाय तुमच्या घरात चूल पेटायची नाही, हे पत्रावरूनच कळतंय.

त्यांना विचारा, शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, कशात बुडवून खाता? नारळाच्या गोड रसात. त्या रसात चिमूटभर मीठ पडतं की नाही? घावनाच्या एका बाजूला रस आणि दुसऱ्या बाजूला लसणीची चटणी घेऊन बसणारी माणसं तुमच्या घरात किती? शिऱ्याच्या मुदीशेजारी लिंबाच्या लोणच्याची फोड कोणी ठेवली? आमटीत गुळाचा खडा नसला तर पहिला आवाज कोणाचा येतो? त्यांचा बहुधा. फरक एवढाच की आपण गोड आणि तिखट शेजारी-शेजारी वाढतो आणि किती मिसळायचं ते खाणाऱ्याच्या बोटांवर सोडतो. तिकडे वरून सिरप ओतून मोकळे होतात. इथे मात्र माझं मत जाऊबाईंच्या बाजूने आहे. सिरपाच्या जागी जे काही कराल ते वाटीत वेगळं ठेवा. ज्याला हवं तो घेईल.

आता दुसरं, तेही आधीच विचारून ठेवते. दुसऱ्या दिवशी सत्यनारायण आहे का? असेल तर अंड्याचा आणि सोड्यांचा, म्हणजे सुक्या कोळंबीचा, विचार तिसऱ्या दिवसावर ढकला आणि त्या सकाळी फक्त फणसाचे ट्रे करा, त्यांची कृती पुढे सांगते. भटजी यायच्या वेळी घरभर अंड्याचा वास नको.

तिकडची मंडळी गर्दीच्या सकाळी हाच पदार्थ का करतात, तर राबणारीलाही पंगतीत बसता येतं म्हणून. 45 माणसांना घावन घालायचे म्हणजे एक बाई सहा वाजल्यापासून तव्यापुढे उभी. लोक खाऊन, चहा पिऊन, समुद्रावर जाऊन येतात तरी ती उभीच, आणि शेवटी तिच्या वाट्याला कडेचे तुकडे आणि गार चहा. माझ्याकडे पर्यटक उतरतात, न्याहारी माझ्याच हातची असते, तेव्हा हे मी ऐकीव सांगत नाही. म्हणून ही कल्पना मला पटली. कृती मात्र जशीच्या तशी उचलू नका. ती त्यांच्या ब्रेडला, त्यांच्या हवेला आणि त्यांच्या फ्रिजला बेतलेली आहे.

रात्रभर भिजवायचं नाही. याला दोन कारणं. आपला पाव मऊ, भुसभुशीत असतो. जाड सालीचा ब्रेड रात्रभर दूध पिऊनही तुकड्याचा तुकडा राहतो, आपल्या पावाची सकाळी पेज झालेली असते. दुसरं कारण मे महिना. कच्चं अंडं आणि दूध एकत्र केलेलं भांडं आपल्या हवेत ओट्यावर ठेवायचं नसतं. अमेरिकेतल्या सरकारी सूचनाच सांगतात की असलं नाशवंत काही 2 तासांच्या वर बाहेर राहू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर 1 तासाच्या वर नाही. देवगडात मे महिन्यात पारा तिथवर सहज जातो.

तेव्हा काम असं वाटून घ्या. रात्री पाव कापून ठेवायचे आणि कांदा परतून ठेवायचा. सकाळी अंडी-दूध फेटून ओतायचं, 20 मिनिटं मुरू द्यायचं आणि लगेच भाजायला. पाव आदल्या दिवशीचे घ्या. एकेकाचे सहा तुकडे करून परातीत पसरा, वर पातळ फडकं टाका आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. सकाळी हाताला कडक लागले की समजा जमलं. मुंग्यांसाठी परातीखाली पाण्याचं ताट ठेवायला विसरू नका.

ओव्हनचं उत्तर तुमच्या गावातच आहे. पाव कुठून आणता? ज्या बेकरीत लाकडावरची भट्टी आहे तिथे जा. पूर्वी आपण दिवाळीच्या आधी नानकटाईचं पीठ डब्यात घालून बेकरीत न्यायचो, बेकरीवाला आपल्या पत्र्यांवर भाजून द्यायचा आणि किलोवर मजुरी घ्यायचा. तोच व्यवहार. त्याला कॅसरोल वगैरे सांगत बसू नका, गोंधळेल. एवढंच सांगा, ‘पावाची आच नको, नानकटाईची पाहिजे.’ त्याला बरोबर कळतं. पहाटेचे पाव कडक आचेवर निघतात, मग जाळ ओढून घेतला की भट्टी हळूहळू उतरत जाते. त्या उतरत्या आचेवर, म्हणजे साधारण 175 ते 180 अंशांवर, आपले ट्रे 45 ते 50 मिनिटांत होतात. साडेसहाला आत गेले तर सव्वासातला बाहेर, आठला पंगत. त्याच्याशी आठवडाभर आधी बोला, आणि लग्नसराई आहे म्हणून आदल्या दिवशी पुन्हा आठवण करा. मजुरी तो सांगेल ती द्या, वर एक ट्रेचा कोपरा त्याच्यासाठी कापून ठेवा.

भरलेला ट्रे रिक्षातून नेऊ नका, अर्धं दूध गादीवर जाईल. सुके ट्रे फडकं बांधून न्या. फेटलेली अंडी-दूध घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, डबा बर्फाच्या घमेल्यात. तिथे पोचल्यावर ओता. बर्फाची तुम्हाला बंदरावर अडचण नसावी. थर्माकोलची पेटी मागून आणणार असाल तर नवी कोरी बघून घ्या. बांगड्याची पेटी कितीही धुतली तरी दुधाला कळतं.

पसरट करा, खोल करू नका. गर्दी म्हटलं की आपला हात मोठ्या टोपाकडे जातो. ह्या पदार्थात टोप चालत नाही. जाडी दुप्पट झाली की आतपर्यंत आच पोचायला दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट वेळ लागतो. तोवर कडा चामड्यासारख्या होतात आणि मध्ये अंडं कच्चं राहतं. थर 2 इंच, त्याच्यावर नाही. 9 बाय 13 इंचांचा खोलगट ॲल्युमिनियमचा ट्रे घेतला तर एकात 12 जणांचे भरपूर तुकडे निघतात. तुम्हाला चार लागतील, दोन अंड्याचे आणि दोन फणसाचे. अंडं खाणारेही फणसाचा तुकडा सोडणार नाहीत, तेव्हा फणसाच्या ट्रेत हात आखडू नका.

अंड्याचा ट्रे. एका ट्रेला 12 पाव, 10 अंडी, अर्धा लिटर दूध आणि साधारण 350 मिली नारळाचं पहिलं, घट्ट दूध. सगळंच गायी-म्हशीचं घातलं तरी चालतं, पण आपल्याकडे नारळ असताना का घालायचं? शेजारच्या गोव्यात बिबिंका अंड्याचा बलक आणि नारळाच्या दुधावरच उभी असते आणि थरावर थर वरच्या आचेने भाजतात. तेव्हा अंडं आणि नारळाचं जमतं की नाही ही शंका मिटली.

मीठ सपाट दीड चमचा. गूळ ह्या मिश्रणात घालायचा नाही. गुळाने दूध फाटतं हे तुम्हाला सांगायला नको, आणि साखर जास्त झाली तर अंडं धरायला उशीर लावतं. गोडवा दुसरीकडून आणू. चार मोठे पांढरे कांदे उभे चिरून तुपावर मंद आचेवर अर्धा तास परता. गडबड करू नका, लाल करायचे नाहीत, ते मधाच्या रंगाचे आणि अगदी लोळागोळा झाले पाहिजेत. पांढरा कांदा मुळातच गोड. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तेव्हापासून कुठलाही पांढरा कांदा त्या नावावर खपवायला लागलेत. वेणी घातलेल्या माळा बघून घ्या, आणि नाही मिळाला तर साधा पांढरा घ्या, लाल मात्र नको. लाल कांद्याने ट्रे करडा दिसतो.

सॉसेजच्या जागी एका ट्रेत सोडे घाला. तुमच्याकडची सोललेली सुकी सुंगटं. वाटीभर सोडे कोमट पाण्यात 15 मिनिटं भिजवा, घट्ट पिळा, बारीक तुकडे करा. तेलात आलं-मिरची टाकून ते खमंग वास सुटेपर्यंत परता. सोडे स्वतः खारट, तेव्हा ह्या ट्रेचं मीठ एक चमच्यावर आणा. चीज ह्यात नको. वाळवलेली मासळी आणि चीज एकत्र आले की दोघांचाही उग्रपणा वर येतो. गोव्याचे चोरीस आणता येत असतील तर अर्थातच तेही चालतील, पण त्यांचं तेल बरंच सुटतं, ते निथळून घ्या.

दुसऱ्या ट्रेत 100 ग्रॅम चीज किसून घाला, भरपूर मिरपूड, आणि राजेळी केळ्यांच्या चकत्या. पिकलेली, सालीवर काळे ठिपके पडलेली दोन राजेळी घ्या. अर्धा बोट जाड चकत्या तुपात दोन्हीकडून तांबूस करा आणि सगळ्यात वर लावा. साधी केळी वितळून जातात, राजेळी आकार सोडत नाही. खारट चीज, गोड कांदा, वर केळ्याची करपट-गोड कड. पाहुण्यांना ओळखीचं वाटेल ते हेच.

एक विसरू नका. मुलीच्या माहेरच्यांना आधी फोन करून कोळंबीची आणि काजूची ॲलर्जी कोणाला आहे का ते विचारा. आपल्याकडे असं विचारलं तर माणसं हसतात, तिकडे विचारलं नाही तर रागावतात, आणि त्यांचं बरोबर आहे. सोड्यांच्या ट्रेवर चिठ्ठी लावा, त्याचा चमचा आणि सुरी वेगळी ठेवा.

झालं की नाही ते असं बघायचं. ट्रे हलवला तर मध्ये लाट उठता कामा नये, नुसतं थरथरलं पाहिजे. मधोमध सुरी घाला, ओली आली तरी चालेल, पण तिच्यावर दुधाळ अंडं चिकटलेलं नको. स्वयंपाकाचा थर्मामीटर कोणाकडे असला तर मध्ये 71 अंश दाखवायला हवा. बाहेर काढल्यावर 10 मिनिटं हात लावू नका. लगेच कापलं तर पाणी सुटतं आणि लोकांना वाटतं कच्चं राहिलं.

सिरपाच्या जागी काकवी. मेपलचं सिरप म्हणजे झाडाचा रस आटवलेला, साधारण 40 लिटर रसाचा 1 लिटर होतो. आपली काकवी म्हणजे उसाचा रस, गूळ व्हायच्या जरा आधी उतरवलेला. आंबोळीबरोबर खाऊन तुम्हाला ती माहीतच आहे. अंड्याबरोबर नुसती काकवी मला जड वाटते. म्हणून पाऊण लिटर काकवी कोमट करून तिच्यात दोन-तीन मोठे चमचे कोकमाचं आगळ आणि चमचाभर जाडसर मिरपूड घाला. आगळात मीठ असतंच, वेगळं घालू नका. आगळ एकदम ओतू नका, चमच्याचमच्याने घालत चव बघा, प्रत्येक घरच्या आगळाचं मीठ निराळं. हे वाटीत, पळीसकट, टेबलाच्या मधोमध ठेवा. जाऊबाईंना पहिली चव द्या. नंतरचं त्या बघून घेतील.

फणसाचा ट्रे. हे आपलं सांदणच, फक्त वाफवायच्या ऐवजी भाजलेलं. भाद्रपदात असतं तर तवशाची, म्हणजे मोठ्या काकडीची, तवसळी सांगितली असती, पण मे महिन्यात तवसं कुठलं आणायचं? बरका फणस मात्र दारात पडलेला असेल. एका ट्रेला 4 वाट्या तांदळाचा रवा. तुपावर मंद भाजा, रंग बदलू देऊ नका, नुसता हलका व्हायला हवा. चाळणीतून काढलेला बरक्याचा रस 5 वाट्या, चिरलेला गूळ 2 वाट्या, ओलं खोबरं 2 वाट्या, नारळाचं दूध 1 वाटी, मीठ चमचाभर, किसलेलं आलं दोन चमचे. फणस फार गोड असेल तर गूळ अर्धी वाटी कमी. मीठ कमी करू नका. गोड पदार्थ म्हणून मिठाला हात आखडणाऱ्या बायका मला कळत नाहीत.

हे कालवून दीड-दोन तास मुरवा म्हणजे रवा फुगतो. पहाटे चारला उठायला नको असेल तर रात्री कालवून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. दोन ट्रेचं मिश्रण एका मोठ्या डब्यात मावतं, तेवढ्यासाठी हारांना बर्फाच्या पेटीत पाठवा, त्यांना तिथे बरंच वाटेल. बाहेर ठेवलंत तर मात्र सकाळपर्यंत आंबतं. ट्रेला तूप लावून केळीचं पान शेकून अंथरा, शेकलं नाही तर कोपऱ्यात चिरतं. मिश्रण ओता, वर ओल्या काजूंचे अर्धे गर खोचा. भट्टीत 50 मिनिटं ते एक तास. पानाच्या कडा काळ्या होऊन कुरकुरल्या आणि पिवळाधमक वरचा थर तांबूस झाला की काढा. पूर्ण गार झाल्याशिवाय नीट कापला जात नाही, म्हणून भट्टीत पहिले हे ट्रे घाला, मागून अंड्याचे.

ह्याच्याबरोबर तिखट म्हणून काळ्या वाटाण्याचं सांबारं. तुमच्या भागात ते मी शिकवायला नको. फक्त वेळेचं सांगते. किलोभर वाटाणे आदल्या सकाळी भिजत घाला, रात्री मऊ शिजवून ठेवा, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण वेगळं फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी एकत्र करून उकळा. रात्रीच एकत्र केलं तर उकाड्यात खोबरं दगा देतं.

म्हणजे सकाळी घरात चूल एकच, सांबाऱ्याची, आणि दुसऱ्या शेगडीवर चहा. भट्टीवर एक जबाबदार पुरुष पाठवा. जबाबदार म्हणजे ट्रे आत गेल्यावर तिथेच थांबणारा, चहा प्यायला नाक्यावर जाणारा नव्हे.

---

प्रश्न : मावशी, आमच्याकडे गौरीच्या वेळी तवसळी करतात. माझी खालून करपते आणि वरून पांढरी राहते. एकदा तर सगळीच कडू झाली. सासूबाई काही बोलत नाहीत, पण खातही नाहीत.
— एक सून, रोहा

उत्तर : बाई गं, तू गॅस खाली लावून वर नुसतं झाकण ठेवतेस ना? तवसळीला आच वरून जास्त आणि खालून कमी लागते. जाड बुडाचं पातेलं निखाऱ्यांच्या पातळ थरावर ठेवायचं, वर पत्र्याचं सपाट झाकण आणि त्याच्यावर खालच्यापेक्षा दुप्पट निखारे. करवंट्यांचे निखारे सगळ्यात चांगले, लवकर लाल होतात आणि धूर देत नाहीत. निखाऱ्यांवर राख धरली की पत्र्यावर हलकी थाप मारायची, राख बाजूला होते आणि आच पुन्हा जागी होते. गॅसवरच करायची असेल तर पातेल्याखाली जुना जाड तवा ठेव, गॅस अगदी बारीक, आणि झाकणावर निखारे ठेवायची सोय अंगणात कर. तेही जमत नसेल तर सरळ ओव्हन.

कडूपणा तवशाचा. काकडीच्या कुळात हा कडवट अंश असतोच, आणि तो देठाकडे जास्त साठतो. तवसं किसण्याआधी दोन्ही टोकांची चकती कापून जिभेला लाव. देठाकडची कडू लागली तर आणखी दोन बोटं काप आणि पुन्हा बघ. मधली चकतीही कडू लागली तर ते तवसं गुरांना. गूळ वाढवून तो कडूपणा जात नाही, आणि फार कडू तवशाने पोटही बिघडतं.

किसलेल्या तवशाचं पाणी टाकून देत असशील तर तेही बंद कर. रवा त्याच पाण्यात फुगायला हवा, वरून दुसरं पाणी एक थेंब नको.

---

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत चौघंच. घरी छोटा ओटीजी आहे. रविवारी पाहुणे धरून आठ जण. बेकरीची भट्टी कुठून आणू?
— मूळचे राजापूरचे

उत्तर : आणू नका. देवगडच्या आत्याबाईंना सांगितलेलं अंड्याचं प्रमाण निम्मं करून, म्हणजे 6 पाव आणि 5 अंडी, 8 इंचांच्या चौकोनी भांड्यात घाला. आठ जणांना तेवढं थोडं कमी पडेल, बरोबर सांदण किंवा पोहे करा. ओटीजी आधी 10 मिनिटं तापवा, 175 वर ठेवा, 35 मिनिटांनी बघायला लागा. वरची कांडी जवळ असल्याने केळ्याच्या चकत्या लवकर करपतात, अर्ध्या वेळानंतर वर फॉईल टाका. आणि तुमच्याकडे फ्रिज रिकामा असेल तर रात्री भिजवायची हौस भागवून घ्या, मात्र साध्या पावाऐवजी जाड टोस्ट वापरा.

---

प्रश्न : शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, सकाळी 60 जण. पोहे ठरलेत. मागच्या वेळी कांदेपोह्यांचा गोळा झाला होता. मोठ्या प्रमाणावर मोकळे कसे राहतील?
— एक माजी विद्यार्थी, गुहागर

उत्तर : राहायचे नाहीत. मोठ्या पातेल्यात खालचे पोहे वरच्या पोह्यांच्या वजनाने आणि वाफेने दबतात, त्याला कोणाचाच इलाज नाही. तुम्ही गुहागरचे असून दडपे पोहे कसे सुचले नाहीत? त्यात दबायचीच अपेक्षा असते.

पातळ पोहे साडेतीन किलो पुरतात. चाळून उन्हात तासभर ठेवा. नारळ 10-12 फोडा, पाणी फेकू नका. खोवलेलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, मीठ, लिंबू आणि बेताची साखर आधी हाताने चुरा, त्याला पाणी सुटतं. मग पोहे घालून कालवा, वरून नारळाच्या पाण्याचा हबका मारा. जपून, ओतायचं नाही. ताट ठेवून वर पाट्याचा वरवंटा नाहीतर भरलेली कळशी ठेवा, 20 मिनिटं. वरून हिंग, मोहरी, हिरव्या मिरच्या आणि शेंगदाण्यांची फोडणी. कोणी पोह्याचा पापड तळून चुरायला तयार असेल तर त्याला पुढच्या वर्षीही बोलवा. कालवल्यापासून दीड-दोन तासांत संपवा, ओला नारळ आहे. म्हणून दोन खेपांत कालवा, पहिली पंगत उठेपर्यंत दुसरी दडपलेली.

---

प्रश्न : एकदम वीस-पंचवीस अंडी फोडताना एखादं नासकं निघालं तर सगळं वाया जातं. आधी ओळखायचं कसं?
— न्याहारीची ऑर्डर घेणारी, मालवण

उत्तर : पाण्यात सोडा. आडवं बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं पण चालण्यासारखं, तरंगलं तर फेका. ही परीक्षा वापरायच्या आधीच करा, ओली अंडी परत ठेवू नका. आणि तरीही प्रत्येक अंडं वाटीत फोडूनच पातेल्यात सोडा. दोन वाट्या घ्या म्हणजे हात थांबत नाही. ज्या ठिकाणी अंडी घेता तिथे पंखा कुठे आहे तेही बघून ठेवा. पत्र्याच्या टपरीत उन्हात ठेवलेले ट्रे तारखेने ताजे असले तरी आतून गेलेले असतात.